वहिनीची दुसरी भरणी

१७ जुलै २०१८ रोजी आमच्या संशोधन संस्थेच्या सूचनाफलकावर एका कायम जागेची जाहिरात लागली. पद वरिष्ठ तंत्रसहायक, जागा एकच, मासिक वेतन ४६,२५०. मी संस्थेच्या खरेदी विभागात आहे. शिक्षण कॉमर्सचे, त्यामुळे विज्ञानाशी संबंध बिलापुरता. जेवणाच्या सुट्टीत वहिनी ती जाहिरात वाचायला उभी राहिली तेव्हा मी तिच्या मागेच होतो. तिने पहिली ओळसुद्धा वाचली नाही. आधी मान वळवून कॉरिडॉरच्या टोकाला पाहिले, धाकटी येतेय का ते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. धाकटी म्हणजे सगळ्यात लहान भावाची. मी मधला. आम्ही एकाच घरात राहतो, तळमजल्यावर दादा आणि वहिनी, मधल्या मजल्यावर मी, वर धाकटा आणि धाकटी. मी लग्न केले नाही, आणि याबद्दल वहिनी अजून माझे आभार मानते. "एक जाऊ पुरे झाली भाऊजी. दोन असत्या तर मी वेड्यांच्या इस्पितळात असते." मी घरी तिला वहिनी म्हणतो म्हणून संस्थेतही सगळे तिला वहिनीच म्हणू लागले, पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत. पुढे धाकटीलाही तिथे धाकटी हेच नाव पडले.

वहिनीविषयी लिहायचे तर तिच्या मत्सरापासूनच सुरुवात करायला हवी. पुष्कळ माणसे मनातल्या मनात जळतात. वहिनी मोठ्याने जळायची. समोरच्यांनी खिडक्यांना नव्या काचा बसवल्या, तर आमच्या काचा तिला आठवडाभर मळकट दिसत. एका मैत्रिणीचे पित्ताशयाचे ऑपरेशन तीन बारीक भोके पाडून झाले, तेव्हा वहिनीला स्वतःच्या पोटावरच्या जुन्या लांबलचक व्रणाचा राग आला. "माझ्या वेळी का नव्हती ही भोकं?" असे तिने डॉक्टरांना खरोखर विचारले होते. दादा बस दुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक होता आणि त्याचा स्वभाव थट्टेखोर. तो म्हणायचा, "हिच्या शेजारी कोणी शिंकलं, तरी हिला वाटतं, आपल्यापेक्षा मोठी शिंक याला आलीच कशी?"

पण एक गोष्ट दादाही मान्य करायचा. वहिनी आयुष्यात जे जे शिकली, ते कुणाच्या तरी मत्सरापायी शिकली. शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीचे अक्षर सुरेख होते, म्हणून हिचे अक्षर सुरेख झाले. नणंद स्कूटर चालवायला लागली, म्हणून ही शिकली. शेजारणीची मुलगी प्रयोगशाळेचा डिप्लोमा करते आहे हे कानावर आले, तेव्हा वहिनीला मूल शाळेत घालून दोन वर्षे झाली होती. तिने त्याच वर्गात नाव घातले आणि त्या मुलीपेक्षा जास्त गुण मिळवून बाहेर पडली. नंतर काही वर्षे तिने एका तपासणी केंद्रात रक्त काढण्याचे काम केले. आमच्या संस्थेत बाईंनी नळ्यांचा विभाग सुरू केला, तेव्हा कंत्राटी तंत्रसहायकाची जाहिरात मी तिला दाखवली. निवड तिची तिने मिळवली.

बाई म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख. आणि नळ्या म्हणजे कार्बनच्या. त्यांची पहिली खरेदी माझ्या हातून झाली. एवढे मोठे बिल, आणि खोक्यातून निघाली अंगठ्याएवढी बाटली, तळाशी काजळीसारखी चिमूटभर भुकटी. आपण फसलो असे मला वाटले. मी बाटली घेऊन बाईंकडे गेलो. बाई हसल्या. "काजळीच आहे. पण शिस्तीतली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितले. कार्बनच्या अणूंचा एक पदर कागदासारखा गुंडाळला की जी नळी होईल, ती ही. आपल्या केसाच्या जाडीत अशा हजारो नळ्या शेजारी शेजारी बसतील. नळीला आत-बाहेर असे काही नाहीच, तिचा प्रत्येक अणू पृष्ठभागावर. त्यामुळे वर काहीही येऊन बसले की तिच्यातून वाहणाऱ्या विजेला ते लगेच कळते.

बाईंना यातून हृदयविकाराची झटपट तपासणी करायची होती. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की एक विशिष्ट प्रथिन रक्तात उतरते. नखाएवढी चिप घ्यायची. तिच्यावर सोन्याच्या बारीक पट्ट्या, दोन पट्ट्यांमधल्या फटीत नळ्यांचे विरळ जाळे. त्या नळ्यांवर अँटिबॉडी बसवायची, म्हणजे त्या एकाच प्रथिनाला ओळखून धरून ठेवणारा रेणू. मग पातळ केलेल्या रक्ताचा थेंब सोडायचा. प्रथिन असेल तर अँटिबॉडी त्याला पकडते, नळीतली वीज बदलते आणि पडद्यावरची सरळ रेघ पायरीसारखी खाली येते. पायरी दिसली तर इजा, रेघ सरळ राहिली तर माणूस ठीक.

अडचण एकच होती. नळी भोळी. रक्तात शेकडो प्रकारची प्रथिने असतात आणि जे येईल त्याला ती चिकटू देते. म्हणून अँटिबॉडी बसवून झाल्यावर नळीवरच्या उरलेल्या मोकळ्या जागा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकाव्या लागतात. विभागात याला भरणी म्हणत. "सभा सुरू व्हायच्या आधी रिकाम्या खुर्च्यांवर आपली माणसं बसवून ठेवायची, म्हणजे गावगुंड घुसत नाहीत," असे वहिनी नव्या लोकांना सांगायची. भरणी केली की चिप धुवायची. शिवाय प्रत्येक वेळी एक कोरी चिप बरोबर ठेवायची, जिच्यावर भरणी असते पण अँटिबॉडी नसते. कोऱ्या चिपची रेघ सरळ राहिली तरच दुसरीची पायरी खरी मानायची.

वहिनीच्या चिपा सगळ्यांत शांत. निरोगी माणसाचा थेंब टाकला तर रेघ हलत नसे. बाईंचा समज होता की वहिनी धुते चांगले. खरी गोष्ट वेगळी होती. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या विभागातून एक तंत्रज्ञ महिनाभर कामाला आला होता आणि त्याच्या चिपा हिच्यापेक्षा शांत निघाल्या. वहिनीच्या पोटात दुखले. तो गेल्यावर ती किती तरी दिवस चिपा सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसली आणि तिच्या लक्षात आले की धुताना भरणी उपटली जाते, विशेषतः सोन्याच्या कडेला. बसवलेली माणसे खुर्च्या सोडून पळतात. तेव्हापासून ती धुऊन झाल्यावर पुन्हा एक हलकी भरणी करू लागली आणि नंतर पाण्याची धार न मारता चिप तिरपी धरून द्रव नुसता निथळू देऊ लागली. ही दुसरी भरणी कामाच्या लिखित पद्धतीत नव्हती. वहिनीने ती कुणाला सांगितली नव्हती. "सांगितलं की ते सगळ्यांचं होतं," हे तिचे साधे तत्त्व.

मग धाकटी आली. ती आधी कानाची यंत्रे जुळवणाऱ्या कारखान्यात होती. तो कारखाना बंद पडला. दादा जेवताना म्हणाला, "अगं, तुमच्या विभागात माणूस हवाय ना? हिचा हात बघ, घड्याळजीचा हात आहे." सगळे वहिनीकडे पाहत होते. नाही म्हणायची सोय नव्हती. तिने दुसऱ्या दिवशी बाईंच्या कानावर घातले.

धाकटी उंच, हळू बोलणारी, अंगावर कपडा कसाही टाकला तरी शोभणारी. हे सगळे वहिनीने एकवेळ सहन केले असते. पण धाकटीला कुणाचाच मत्सर वाटत नसे, आणि हे मात्र वहिनीला सहन होत नसे. वहिनीने नवी पर्स आणली की ती मनापासून म्हणायची, "ताई, किती छान आहे!" आणि स्वतः जुनी पर्स घेऊन निघायची. वहिनी मग मला म्हणायची, "बघितलंत? नाटक. एवढं चांगलं कुणी असतं का?"

कामातही तिचा हात खरोखर चांगला निघाला. सूक्ष्मदर्शकातून पाहत सोन्याच्या पट्टीवर तारेसारखी बारीक सुई टेकवायची असते. टेकवायची, रुतवायची नाही. वहिनीकडून कधी कधी पट्टी ओरखडायची. धाकटीकडून कधीच नाही. विभागातले लोक पाहायला यायचे. वहिनी तेव्हा शेजारच्या टेबलावर काचेची भांडी जरा जास्तच आवाज करत धुवायची.

चिपा तयार करायला धाकटीला शिकवण्याचे काम बाईंनी वहिनीकडे दिले. त्या दिवशी मी एका पावतीवर सही घ्यायला तिथे गेलो होतो. दोघी टेबलाशी उभ्या होत्या, डोक्यावर टोप्या, हातात मोजे. वहिनीने नळ्यांपासून भरणीपर्यंत सगळे नीट दाखवले. मग चिप धुतली आणि डबीत ठेवली.

"एवढंच, ताई?" धाकटीने विचारले.

"एवढंच."

"मग बंद करून ठेवायची?"

"हो. आणखी काय, तिला झोपवायला अंगाई म्हणायची?"

धाकटी हसली. घरी जाताना बसमध्ये मी वहिनीला सहज विचारले, सगळे शिकवलेस का. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कागदावर आहे ते सगळं." काही बायका पाककृती मागितली की देतात, पण एक जिन्नस गाळून, हे मला माहीत होते. संस्थेतही तसे चालते, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

आता व्हायला काय हवे होते? धाकटीच्या चिपा वाईट निघायला हव्या होत्या. वहिनी त्याचीच वाट बघत होती. झाले भलतेच. धाकटीने पहिल्यांदा रुग्णाच्या रक्ताचा थेंब टाकला आणि पडद्यावरची रेघ धाडकन खाली आली. वहिनीच्या चिपेवर जेवढी पायरी दिसे, तिच्या दुप्पट. शेजारची कोरी चिप मात्र शांत. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाई खुर्ची सोडून पडद्याजवळ आल्या. हे जाहिरातीच्या थोडेच दिवस आधी घडले, त्यामुळे जाहिरात लागली तेव्हा सगळ्या मजल्यावर एकच बोलणे होते. रुग्णालयाला चाचणीसाठी चिपांची एक खेप पाठवायची आहे, जिची खेप जाईल तिला जागा मिळेल. पन्नाशी ओलांडलेल्या वहिनीला अशी जागा पुन्हा मिळणार नव्हती. दरवर्षी कंत्राट वाढवून घेण्यासाठी अर्ज करायचा, आणि ते वाढेपर्यंत महिना-दीड महिना पगार नाही, असेच निवृत्तीपर्यंत चालायचे. धाकटीचीही गत तीच, आणि तिच्या मुलांची शिक्षणे व्हायची होती.

घरी जेवायला आम्ही रविवारी तळमजल्यावर एकत्र बसतो. त्या रविवारी धाकट्याने विषय काढला. "वहिनी, आमच्या बायकोने म्हणे कमाल केली?"

"केली ना. तुमच्या बायकोने हात लावला की विटेतूनही पाणी निघतं."

"ताईंनीच शिकवलंय सगळं," धाकटी म्हणाली.

"छे, माझं काय! मी शिकवलेलं माझ्या हातून एवढं येत नाही."

"अगं, मग आता तू तिच्याकडून शीक," दादा म्हणाला.

वहिनीने त्याच्या ताटात भाताचा एवढा मोठा ढीग वाढला की त्याला पुढे बोलता येईना.

नंतरचे काही दिवस वहिनी घरात कुणाशी धड बोलली नाही. धाकटीचे कौतुक ऐकू येईल अशी प्रत्येक जागा ती टाळायची, आणि टाळता टाळता बरोबर तिथेच जाऊन उभी राहायची. चहाच्या खोलीच्या दाराशी मी तिला दोनदा पाहिले. आत दोघे तिघे धाकटीच्या पायऱ्यांबद्दल बोलत होते आणि ही बाहेर कप हातात घेऊन गोठल्यासारखी ऐकत होती. दादा म्हणाला, "हिला कान बंद करायला सांगितलं तर ही डोळे बंद करते."

पुढच्या रविवारी दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेलो, तर वहिनी तिथे होती. धाकटीचे कपडे तिने दोरीच्या सावलीकडच्या टोकाला सरकवले होते आणि स्वतःचे उन्हात आणले होते. मला पाहून ती म्हणाली, "भाऊजी, तिच्या पायऱ्या खोट्या आहेत."

"खोट्या म्हणजे? तिने काही केलं?"

"ती काय करणार! तिला कुठं काय येतंय." मग दोरीवरचा चिमटा काढत, लावत तिने मला दुसऱ्या भरणीची सगळी गोष्ट सांगितली. धाकटीच्या चिपा धुतल्यावर उघड्या राहतात. रक्तातले हवे ते प्रथिन तर चिकटतेच, बाकीचा बाजारही चिकटतो. म्हणून पायरी मोठी.

"पण शेजारची कोरी चिप शांत असते ना?" मला एवढे समजले होते.

"कोऱ्या चिपा कुणाच्या असतात? माझ्या! डबीत माझ्याच तयार असतात, त्याच ती घेते. त्यांना दोन भरण्या आहेत. त्या शांतच राहणार." तिने कपाळावर हात मारला. "माझ्याच चिपा तिच्या बाजूने साक्ष देतात, भाऊजी. माझ्याच!"

"मग बाईंना सांग."

"काय सांगू? त्या विचारतील, वहिनी, तुम्हाला कसं कळलं? मग? मी तिला मुद्दाम अर्धवट शिकवलं, हे सांगू?"

"मग गप्प बसणार?"

"रुग्णालयाचं रक्त आलं की आपोआप कळेल. धडधाकट माणसालाही तिची चिप म्हणेल, तुझ्या हृदयाला इजा झाली. मग बघू टाळ्या कोण वाजवतंय."

"आणि त्या धडधाकट माणसाचं काय?"

"त्याला काय होतंय? धडधाकट आहे ना तो!"

असे म्हणाली खरी, पण त्यानंतर बराच वेळ ती एकाच चादरीची घडी घालत राहिली. खाली जाताना मी एवढेच म्हटले की वहिनी, गप्प बसायचेच असेल तर शेवटपर्यंत गप्प बस. मला तिचा स्वभाव माहीत होता.

कोणती खेप रुग्णालयाला पाठवायची हे ठरवायला बाईंनी बैठक बोलावली. खोलीत बाई, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर, वहिनी आणि धाकटी होत्या. पाठवणीच्या खर्चासाठी मला बोलावले होते. टेबल लांब, एका टोकाला पडदा. वहिनी आणि धाकटी समोरासमोर बसल्या. धाकटीने वहिनीसाठी पाण्याचा ग्लास भरून पुढे सरकवला. वहिनीने तो माझ्याकडे सरकवला.

बाईंनी सुरुवात केली. "दोन खेपा आहेत. मी आधी धाकटीच्या खेपेबद्दल बोलते, कारण इतक्या मोठ्या पायऱ्या आपल्या विभागात आजवर कुणालाच मिळाल्या नव्हत्या. सुईचं काम तर इतकं स्वच्छ आहे, की..."

मी वहिनीकडे पाहिले. तिच्या गालावर लाली चढत होती.

"...की मी दुसऱ्या संस्थांतल्या लोकांना फोटो पाठवले. त्यांनी विचारलं, हा हात कुणाचा?"

"हात!" वहिनी म्हणाली.

बाई थांबल्या. "काही म्हणालात?"

"हाताचा काय संबंध, बाई? हात घेऊन बसलेत सगळे! त्या पायऱ्या हाताच्या नाहीत, माझ्या आहेत. म्हणजे मी जे गाळलं, त्याच्या." वहिनी उभी राहिली होती. "धुतल्यावर भरणी निघून जाते. पुन्हा भरावी लागते. मी भरते, म्हणून माझ्या चिपा शांत. हिला मी ते शिकवलंच नाही. म्हणून हिच्या चिपेला रस्त्यावरचं कुत्रंही चिकटतं, आणि तुम्ही सगळे म्हणताय, वा, केवढी पायरी!"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

धाकटी खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, मी विचारलं होतं तुम्हाला. एवढंच का, म्हणून."

"हो, विचारलं होतंस. आणि मी म्हटलं, एवढंच. झालं?"

बाईंनी पडद्यावर पुढचे चित्र आणले. दोन रेघा होत्या आणि दोन्हींना मोठ्या पायऱ्या. "हे कालचं आहे," त्या म्हणाल्या. "कोरी चिप आणि अँटिबॉडीची चिप एकाच हातची हवी, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. काल मी धाकटीला तिच्या स्वतःच्या कोऱ्या चिपा करायला लावल्या. त्यांनीही पायरी दाखवली. म्हणजे तिची खेप जाणार नाही. कौतुक आधी करावं आणि मग हे सांगावं, असं मी ठरवलं होतं. तुम्ही दोन मिनिटं थांबला असतात, वहिनी, तर मी म्हणणार होते की तुमची खेप जाईल."

वहिनी उभीच होती. बसायचे असते हे तिला आठवेना. धाकटीनेच टेबलाला वळसा घालून तिची खुर्ची मागून पुढे ढकलली.

"खेप तरीही तुमचीच जाईल," बाई म्हणाल्या. "ती चांगली आहे. आणि दुसरी भरणी आज लिहून द्या, अगदी द्रव निथळेपर्यंत सगळी." जागेबद्दल त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत.

घरी ही बातमी आमच्या आधी पोचली नव्हती, पण वहिनीनेच ती दारातून आत येता येता सांगून टाकली, चप्पल काढायच्या आधी. दादाने सगळे ऐकले. शेवटी म्हणाला, "त्या उघड्या चिपेसारखंच तुझं तोंड. काहीही येऊन चिकटलं की उडी." मग माझ्याकडे वळून, "हिची भरणी कोण करणार रे?" त्यावर वहिनी हसेल असे त्याला वाटले होते. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. पहिल्यांदाच ती मोठ्याने जळत नव्हती.

जागेचा निर्णय आठवड्याभराने लागला. जागा धाकटीला मिळाली. बाईंनी वहिनीला बोलावून कारण तोंडावर सांगितले, ते मला वहिनीनेच सांगितले. या जागेवरच्या माणसाला रुग्णालयातल्या लोकांना आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला शिकवावे लागणार होते. तुमच्याइतकी चांगली चिप कुणाला करता येत नाही, बाई म्हणाल्या, पण तुम्ही शिकवलेलं पूर्ण आहे की नाही, हे मला दर वेळी तपासत बसावं लागेल. वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्यांचं चुकलं असं म्हणायला मला काही सापडेना. त्याचाच जास्त राग आला."

रुग्णालयाच्या चाचणीत वहिनीच्या चिपांनी बहुतेक रुग्ण बरोबर ओळखले. काही चुकले, तिथे नमुना नीट पातळ केला नव्हता आणि रक्तातल्या मिठाने प्रथिनाचा विद्युतभार झाकून टाकला होता. काम अजून चालू आहे. बाजारात काही आलेले नाही.

धाकटी कामात वहिनीची वरिष्ठ झाली. घरी ती पूर्वीसारखीच ताई म्हणायची, पण वहिनीच्या नव्या वस्तूंचे कौतुक करणे तिने बंद केले, आणि गंमत म्हणजे वहिनीला ते खुपू लागले. "बघा, आता शब्द फुटत नाही," ती म्हणायची. एका संध्याकाळी जिन्यात धाकटीने मला थांबवले. बरेच दिवस तिच्या मनात काही तरी असावे.

"भाऊजी, ताईंनी लिहून दिलं तसंच करते मी. दुसरी भरणी, तिरपी चिप, सगळं. त्यांच्यासमोर उभी राहूनही केलं. तरी माझ्या चिपा त्यांच्याइतक्या शांत येत नाहीत."

"आणखी काही राखून ठेवलं असेल का तिने?"

"नाही हो. मी नीट बघितलंय. त्यांना जमतं आणि मला जमत नाही, एवढंच आहे." ती कठड्यावर नख घासत होती. "परवा ताई चिप निथळवत होत्या तेव्हा मला वाटलं, धक्का द्यावा हाताला. असं कधी वाटलं नव्हतं मला. कुणाबद्दलच."

मी हे वहिनीला सांगायला नको होते का, मला माहीत नाही. सांगितले खरे. वहिनी स्वयंपाकघरात काच पुसत होती. तिने फडके खाली ठेवले.

"धक्का द्यावा असं म्हणाली? अगदी असं?"

"अगदी असंच."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितले. त्यानंतर पुष्कळ दिवस ती गाणे गुणगुणत कामाला जात होती. दोघींचे जमू लागले ते तेव्हापासून, असे माझे मत आहे. आता त्या दोघी एका टेबलावर काम करतात, एकमेकींच्या कोऱ्या चिपा कधीच वापरत नाहीत, आणि कुणाची रेघ जास्त सरळ यावरून बसमध्येही भांडतात. शांत चिपा वहिनीच्या आणि स्वच्छ सुई धाकटीची, हे दोघींना माहीत आहे, आणि दोघींनाही दुसरीचे हवे आहे. वहिनीचे कंत्राट दरवर्षी वाढते. मध्ये महिनाभर पगार नसतो. त्या महिन्यातही ती येते. घरी बसून तिकडे धाकटीला एकटीला सराव करू द्यायचा नाही, हे तिचे कारण.

धाकटी कायम झाली त्या दिवशी तिने विभागाला चहा दिला होता. कँटीनवाल्याकडे तिचे कार्ड चालले नाही, म्हणून वहिनीने पैसे भरले. चहाचे ३१५ झाले होते. धाकटीने दुसऱ्या दिवशी ३०० परत केले. १५ अजून येणे आहेत.